गल्लीतल्या कागदावर सही करू का?

पत्र

आक्का, नमस्कार.

आम्ही जळगावला एमआयडीसीजवळच्या एका कॉलनीत राहतो. हे एसटीतून रिटायर झाले, तेव्हा आलेल्या पैशातून वर दोन खोल्या बांधल्या. त्या भाड्याने द्यायच्या आहेत. मागच्या आठवड्यात बिहारमधल्या सिवान जिल्ह्यातलं एक जोडपं खोल्या बघायला आलं. तो चटईच्या कंपनीत मशीनवर, ती घरीच, चार वर्षांची एक मुलगी. माणसं बरी वाटली. पोरगी जिना चढताना पायऱ्या मोजत होती, वर पोचल्यावर म्हणाली, ‘उन्नीस’. मी इतक्या वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.

त्याच रात्री गल्लीत मीटिंग झाली. परप्रांतीयांना कोणीही खोली द्यायची नाही असं ठरलं आणि आता कागदावर सह्या घेणं चालू आहे. मागच्या गल्लीत एकेका खोलीत नऊ-नऊ जण राहतात, रात्री मोठ्याने गाणी लावतात, गुटख्याच्या पिचकाऱ्या मारतात. एकाचा मोबाईल चोरीला गेला. क्लासला जाणाऱ्या मुलींकडे टक लावून बघतात. अर्धी कॉलनी त्यांचीच झाली, आणि ते आपल्यात मिसळतही नाहीत, असं सगळे म्हणतात.

आमची लेक लेस्टरला असते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘आई, हा वंशवाद आहे. इथं आमच्याशी कोणी असं वागलं तर तुला झोप लागणार नाही.’ ते फार लागलं मला. मी कधी कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. पण खरं सांगते आक्का, भीती मलाही वाटते. सही करू का? आणि लेक म्हणते तशी मी आहे का?

— एक बहीण, जळगाव

उत्तर

ताई, सही करू नका.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. पण भीती वाटली म्हणून तुम्ही वाईट ठरता असं मात्र मी म्हणणार नाही. भीतीबद्दल एक गोष्ट सांगते, आमच्या घरातलीच आहे.

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि दोन-चार दिवसांत लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली. त्यात आपली किती होती हे तुम्हाला सांगायला नको. सुरतेतलं उधना, लिंबायत, डिंडोली म्हणजे आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसांचं दुसरं घरच. माझा मामा उधन्याला लूमवर होता. मामी आणि दोन पोरांना घेऊन तो पहाटे गावी पोचला, तर पारावर पाच-सहा माणसं आधीच बसलेली. ‘भो, आठ दिन गावमा येऊ नको.’ ती कोणी परकी माणसं नव्हती. महिन्याभरापूर्वीच श्रावणात मामा कानबाई देवीच्या सणासाठी गावी आला होता आणि याच माणसांबरोबर बसून त्याने रोट खाल्ले होते. रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. इतकी जवळची माणसं. मामा आठ दिवस मळ्यातल्या झोपडीत राहिला. आजी बांधावर भाकरी आणि उडदाच्या डाळीचा डबा ठेवायची आणि चार पावलं मागे सरकून उभी राहायची. मामी डबा उचलून गेली की मग आजी घरी परतायची.

मामाला काहीच झालेलं नव्हतं. पुढे तो त्या माणसांवर कधी चिडलाही नाही. रोगाला कोण भीत नाही, म्हणायचा. पण एक गोष्ट तो शेवटपर्यंत बोलून दाखवायचा. ‘ताप आहे का,’ असं त्याला एकाही माणसाने विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, ‘सुरतहून आला ना?’

ताई, तुमच्या गल्लीतला कागद नेमका हाच दुसरा प्रश्न विचारतो. किती माणसं राहणार, काम काय करता, रात्री-अपरात्री गोंधळ घालाल का, हे तो विचारत नाही. तो फक्त विचारतो, कुठून आलात? आणि उत्तर ऐकून दार लावून घेतो. भीती दोन्ही प्रश्नांमागे आहे. पण पहिल्या प्रश्नाने आपला बचाव होतो, दुसऱ्याने समोरच्या माणसाचा निकाल लागतो.

लेकीच्या शब्दाबद्दल बोलते. काटेकोर बोलायचं तर बिहारच्या माणसाला नाकारणं याला आपल्याकडे प्रांतवाद म्हणतील. नाव काही द्या, चालायची रीत तीच असते. एकाने केलेलं लाखोंच्या नावावर मांडायचं. लेकीने तो शब्द का वापरला असेल, तेही समजून घ्या. इंग्लंडमध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत वेस्ट इंडीजमधून, आपल्या देशातून, पाकिस्तानातून गेलेल्या लोकांना खोली नाकारणं ही रोजची गोष्ट होती. १९६८ साली तिथे कायदा झाला आणि वंश, रंग किंवा मूळ देश बघून घर नाकारणं बेकायदा ठरलं. म्हणजे तुमची लेक आज ज्या देशात राहते, तिथे तुमच्या गल्लीतल्यासारखा कागद फिरवायला बंदी आहे. कायदा झाला म्हणून तिथल्या लोकांची मनं धुऊन निघाली असंही नाही. तिथे १९८३ पासून एका पाहणीत लोकांना थेट विचारत आले, दुसऱ्या वंशाच्या माणसांबद्दल तुमच्या मनात पूर्वग्रह आहे का? २०१३ साली दहातल्या तिघांनी सांगितलं, हो, थोडा किंवा बराच आहे. मला ही तीन माणसं आवडतात. निदान स्वतःकडे बघून बोलली. तुम्हीही ‘भीती मलाही वाटते’ असं लिहिलंत, म्हणून तर तुम्हाला इतकं मोकळेपणाने लिहिते आहे.

‘मी तशी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर मनात खणून सापडायचं नाही. अमेरिकेत रिचर्ड लापियर नावाचा एक अभ्यासक १९३०च्या सुमारास एका चिनी नवरा-बायकोला बरोबर घेऊन देशभर फिरला. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल मोठा राग होता. अडीचशेहून थोडी जास्त हॉटेलं आणि खाणावळी झाल्या, त्यांतल्या फक्त एका ठिकाणी त्यांना परत पाठवलं. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना त्याने पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक चालेल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहून पाठवलं. माणूस दारात उभा होता तेव्हा दार उघडलं, आणि कागद समोर आला तेव्हा हात नकाराकडे गेला. तुमच्याही बाबतीत तेच झालं की. जोडपं दारात होतं तेव्हा तुम्हाला ‘माणसं बरी वाटली’. मीटिंगमध्ये कागद पुढे आला आणि ती माणसं ‘परप्रांतीय’ झाली. दारातल्या तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं, ताई. त्यावर भरवसा ठेवा.

आता गल्लीच्या तक्रारी. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. मलाही रात्री अकराला कोणी स्पीकर लावला तर राग येतो. पण एकेक तक्रार हातात घेऊन बघा, ती नेमकी कोणाच्या दारात जाते.

एका खोलीत नऊ जण कोणी ठेवले? आपल्याच माणसाने. डोईमागे भाडं घेणारा घरमालक आपलाच आहे आणि माणसं पुरवणारा ठेकेदार, नाहीतर मुकादम, त्याच्या ओळखीचा. नऊ जणांना एक संडास, एक नळ, आणि पाणी तर आपल्याकडे रोज येतही नाही. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस अशा खोलीत टेकणार कुठे? म्हणून तो ओट्यावर, कोपऱ्यावर, टपरीवर येऊन बसतो आणि आपल्या डोळ्यांवर येतो. मीटिंग घ्यायचीच असेल तर त्या घरमालकाला बोलवून घ्या. तुमच्या पत्रात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मीटिंगमध्येही कोणी त्याचं नाव घेतलं नसणार.

मुलींची गोष्ट वेगळी. तिथे मी जराही सूट देणार नाही. जो टक लावून बघतो, मागे येतो, त्याचं नाव काढा, मुलींना नीट विचारा, ११२ला फोन करा, ठाण्यात जा. मात्र त्याच वेळी मुलींना हेही विचारा की त्रास देणारे सगळे बाहेरचेच आहेत का. मी कॉलेजात जात होते तेव्हा एसटी स्टँडवर उभी असणारी पोरं आमच्याच तालुक्याची होती. सही गोळा करून परप्रांतीयांना घालवलं आणि आपल्यातला तो एक तसाच राहिला, तर मुलींच्या पदरात काय पडलं?

आणि ‘अर्धी कॉलनी त्यांचीच झाली’ हे मोजून बघा. खरंच मोजा, वही घेऊन, एका संध्याकाळी. २०१४ साली चौदा देशांत लोकांना विचारलं होतं की तुमच्या देशात बाहेरून आलेले किती? ब्रिटनमधल्या लोकांनी सरासरी २४ टक्के सांगितले, होते १३. अमेरिकेत ३२ सांगितले, तिथेही होते १३च्या आसपास. डोळ्यांत भरणारी माणसं डोक्यात दुप्पट होतात. वेगळी बोली कानावर पडली की एकाचे चार वाटतात. तुमच्या कॉलनीत घरं किती, त्यांत भाडेकरूंची किती, त्यांतली बाहेरच्या राज्यांतली किती? आकडा निम्म्याच्या जवळ निघाला तर मला खुशाल परत पत्र लिहा.

मोबाईल चोरीवर मी जास्त लिहीत नाही. चोर सापडलेला नाही, एवढंच तुमच्या पत्रातून दिसतं. पण चोर न सापडता चोर ठरवण्याची सवय कुठवर जाते, हे आपल्याच खान्देशाने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा व्हॉट्सअॅपवर चालू होत्या. सोलापूरकडून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं जमावाने मारून टाकली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारली. तुमच्या गल्लीची मी त्याच्याशी तुलना करत नाही, तसं मनातही आणू नका. पण साक्रीचं नाव निघालं की आजही माझा घास घशात अडकतो. त्या बाजारातही प्रश्न एकच होता, कुठून आलात?

आता ‘मिसळत नाहीत’ हे. या शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त अन्याय याच शब्दाने होतो.

२०११च्या जनगणनेत आपल्या देशात पंचेचाळीस कोटींच्या वर माणसं स्थलांतरित म्हणून नोंदली गेली. त्यातलं सगळ्यात मोठं कारण कोणतं, ठाऊक आहे? नोकरी नाही, धंदा नाही. लग्न. म्हणजे सरकारी कागदावर तुम्ही-आम्ही सगळ्या बायका स्थलांतरित आहोत. सासरी पहिल्या वर्षी आपल्यालाही कोणीतरी म्हटलं असेल, नवी सून मिसळत नाही, घुमी आहे. पण मिसळणाचा डबा कुठल्या फळीवर असतो, हे ज्या घरात कोणी दाखवलं नाही, तिथे ती मिसळणार कशी? माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पिठाच्या डब्याचं झाकण कसं अडकतं आणि कसं निघतं ते दाखवलं. एवढंच केलं. दुसऱ्या दिवसापासून भाकरी माझ्या हातची होती.

आणि मिसळणं म्हणजे आपलं सगळं पुसून टाकणं नाही. मामा चाळीस वर्षं सुरतेत राहिला. गुजराती फाडफाड बोलायचा, पण कानबाई त्याने सोडली नाही. आज सुरतेत खान्देशी वस्त्यांत कानबाईची मिरवणूक वाजतगाजत निघते आणि आपण फोनवर व्हिडिओ बघून हरखून जातो. आपला पिंपरी अकराऊतचा माणूस, सी. आर. पाटील, नवसारीतून खासदार झाला आणि गुजरातच्या सत्ताधारी पक्षाचा अध्यक्षही झाला. त्याचं राजकारण आवडो न आवडो, आपली छाती फुगते. लंडनमध्ये तर १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे जमून गणपती बसवला तर आपण म्हणतो, बघा, परदेशातही संस्कृती जपली. मग सिवानच्या माणसाने छठला तापीच्या काठी उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य दिलं, तर ते ‘मिसळत नाहीत’ कसं होतं?

मिसळणं होतं कशाने, यावरही लोकांनी डोकं लावलं आहे. १९५४ साली अमेरिकेत मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांना शिबिराला नेलं. सगळी एका रंगाची, एका धर्माची, सारख्या घरांतली. दोन गट पाडले, सामने लावले, आणि थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळायला लागली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांच्या अंगावर अन्न फेकलं. नुसत्या पंगतीने काही झालं नाही. पुढे पाण्याची टाकी बंद पडली, ती सगळ्यांनी मिळून शोधून दुरुस्त केली. ट्रक अडकला, तो एकाच दोराला धरून सगळ्यांनी ओढला. अशी चार-दोन कामं झाल्यावर शिव्या थांबल्या.

मी हे आमच्या मळ्यात पाहिलं आहे. मागच्या हिवाळ्यात पुतण्याने भरीत पार्टी ठेवली होती. त्याच्या डाळमिलमधला एक बिहारी कामगारही आला होता, अगदी आग्रहाने बोलावलेला. पण तो बांधावर एकटाच बसून होता. आम्ही ‘या की’ म्हणत होतो आणि तो ‘ठीक है, ठीक है’ म्हणत होता. पऱ्हाट्यांचा जाळ जास्त झाला, हिरवी वांगी एका बाजूने करपायला लागली आणि आमची पोरं नुसतीच आरडाओरडा करत होती. तो उठला, एक लांब काडी घेतली आणि वांगी एकेक करून कडेच्या निखाऱ्यावर ओढली. त्याच्या गावी चोखा असाच भाजतात, वांगं निखाऱ्यावर, वर लसूण, मिरची आणि कच्चं सरसोंचं तेल. मग बडगीत मिरची-लसूण घालून भरीत ठेचायला पुतण्याने मुसळ त्याच्याच हातात दिलं. त्यानंतर तो बांधावर जाऊन बसला नाही.

तुमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी मागच्या गल्लीतल्या खोल्यांतूनही घेत असतीलच. पावतीही फाडत असतील. मंडळाच्या कामाच्या यादीत त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आहे का, हे विचारा. मंडप बांधायला, आरास करायला, विसर्जनाला ट्रॅक्टरबरोबर चालायला. मजूर म्हणून बोलावू नका, यादीत नाव घालून बोलवा.

आता करायचं काय ते सांगते.

आधी ह्यांच्याशी बोला. घर दोघांचं आहे, आणि गल्लीत उद्या कोणी तोंड फिरवलं तर ते दोघांना सोसायचं आहे. कोणी तोंड फिरवणार नाही असं खोटं आश्वासन मी देत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखाद-दोन बायका कमी येतील. मग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलण्याआधी तुम्हाला समजून घेतील अशा दोन-तीन घरी जाऊन या. घोळक्यात ‘हो’ म्हणणारी माणसं ओट्यावर बसून वेगळं बोलतात.

नुसतं ‘सही करणार नाही’ म्हणू नका, दुसरा कागद घेऊन जा. त्यात लिहा : एका खोलीत किती माणसं राहतील याला मर्यादा, भाडेकरार नोंदवलेला, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली, रात्री दहानंतर स्पीकर बंद, नळाच्या पाण्याची पाळी ठरलेली. आणि हे प्रत्येक भाडेकरूला आणि प्रत्येक घरमालकाला लागू, मग भाडेकरू सिवानचा असो, सावद्याचा असो की नात्यातला असो. भाडेकरार नोंदवणं आपल्या राज्यात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. या कागदावर सही करायला कोण कचरतं ते बघा. माझा अंदाज आहे, तो नऊ जणांचा मालक असेल. पहिल्या कागदाला मात्र कायद्याचा काडीचा आधार नाही. देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने दिलेला आहे, तुमच्या घरातल्या कोणाला उद्या बंगळुरूला जायचं झालं तर याच कलमावर जातील.

त्या जोडप्याला परत बोलवा. तुमच्या भीतीचे सगळे प्रश्न तोंडावर विचारा, लाजू नका. किती जण राहणार, गावाकडून कोण येऊन राहणार, पाळी रात्रीची असते का, कंपनीचं ओळखपत्र आणि आधार दाखवा. अनामत किती ते सांगा, ती पावतीवर घ्या. उत्तरं पटली नाहीत तर खोली देऊ नका, ते तुमच्या हातात आहे. पण नाही म्हणायचं तर त्या उत्तरांमुळे म्हणा.

लेकीला फोन करा. वाद जिंकायला नको. तिला विचारा, लेस्टरला गेलीस तेव्हा पहिलं घर कसं मिळालं, पहिल्या हिवाळ्यात तुझ्याशी कोण आपणहून बोललं? तिने हे तुम्हाला अजून सांगितलं नसेल. माझ्या भाचीने मला सहा वर्षांनी सांगितलं.

आणि खोली दिलीत तर जूनमध्ये त्या पोरीला अंगणवाडीत घालायला तिच्या आईबरोबर तुम्हीही जा. तिची आई मराठीला बिचकेल, आणि अंगणवाडीतल्या ताईंना घाई असेल. ‘ही कोण तुमची?’ असं त्यांनी विचारलं तर सांगा, आमच्या वरच्या मजल्यावर राहते, एकोणीस पायऱ्या चढून.

— तुमची आक्का